भरदुपारचं भूत आणि आमचा बँड

जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही घरातला लग्नाचा जुना अल्बम काढून बघा. नवरदेव घोड्यावर बसलाय, करवली लाजतेय, मामा घामाघूम झालेत. आणि एका कडेला, फोटोग्राफरच्या हातून कापायची राहून गेलेली, लाल कोटाची एक बाही आणि क्लॅरनेटचं टोक दिसतंय. ती बाही माझी असण्याची बरीच शक्यता आहे. चाळीस वर्षं मी या दोन तालुक्यांतल्या वराती वाजवल्या.

आमचं गाव पिंपळवंडी, आणि आमचा चाफा ब्रास बँड. ज्या चाफ्याखाली पहिली तालीम झाली त्याचंच नाव दिलं. बारा माणसं. मी क्लॅरनेट वाजवतो आणि ताफा चालवतो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. शाळेत मी सातवीपर्यंतच गेलो, पण ही पदवी कुणी काढून घेतली नाही.

माझ्या वडलांनी धर्मांतरानंतर गावकीची हलगी खाली ठेवली, ती कायमची. गावाने बोलवायचं आणि आपण जायचं, भाकरीच्या तुकड्यावर वाजवायचं, हे त्यांनी एका दिवसात बंद केलं. त्यामुळे मी क्लॅरनेट आणलं तेव्हा ते दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस अंगणात बसून त्यांनी माझा सराव ऐकला आणि म्हणाले, "वाजव. पण सुपारी घे, हुकूम घेऊ नको." सुपारी म्हणजे आमच्या धंद्यात ठरवून घेतलेलं काम. वडलांचं हे एक वाक्य मी पाळलं. कुणी "ए बँडवाले" म्हणून हाक मारली की माझं क्लॅरनेट पेटीतच. "मास्तर" म्हटलं की सुरू. सगळी वाडी-वस्ती हे शिकली.

लोकांना वाटतं बँड म्हणजे फुंकायचं आणि बडवायचं. खरी मेख चालण्यात असते. घरी बसून कुणीही वाजवेल. खड्ड्यांचा रस्ता, पुढं नाचणारी पोरं, मागं घोडं, वर ऊन, आणि बारा जणांचं पाऊल एका ठेक्यात. पाऊल चुकलं की श्वास चुकतो, श्वास चुकला की सूर फाटतो. माझा डावा खांदा खाली गेला की चाल हळू, क्लॅरनेट वर उचललं की गाणं बदलायचं, आणि मी थांबून मागं बघितलं तर कुणीतरी बेसूर झालंय. दुसरा नियम असा की काहीही झालं तरी वाजवणं थांबवायचं नाही. एकदा ओतूरकडच्या एका लग्नात घोडं बिथरलं आणि नवरदेवासकट उकिरड्यात गेलं. आम्ही वाजवतच होतो. नवरदेव उठेपर्यंत लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

गिऱ्हाइकं एकेक नमुना. बेल्ह्याच्या बाजूची एक म्हातारी स्वतःच्याच मयताची सुपारी द्यायला आली होती. "पोरं रडगाणं लावतील. मला नाचायचं वाजवा. आणि आधी वाजवून दाखवा, मेल्यावर मी काय ऐकणार?" आम्ही तिच्या ओट्यापुढं वाजवून दाखवलं. तिने दोन गाणी नापास केली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली आणि दरवर्षी एकदा निरोप पाठवायची, तालीम घ्या म्हणून. गेली तेव्हा आम्ही तिची पसंतीची चाल वाजवली. तिची मुलं आधी चिडली, मग हसली, मग रडली. या धंद्यात यापेक्षा मोठी शाबासकी मला माहीत नव्हती, पिक्चर निघेपर्यंत.

हो, पिक्चर. आमच्या बँडने भुताचा पिक्चर काढला. ते सांगायलाच हा लेख लिहायला बसलोय.

झालं असं की डीजे आले. ट्रकभर डबे, छातीत धडकी भरेल असा आवाज, आणि चालायला माणूस लागत नाही. आमच्या सुपाऱ्या निम्म्यावर आल्या. आमचा ट्रंपेटवाला रमेश, माझ्या हाताखाली वाढलेला, डीजेच्या ट्रकवर ड्रायव्हर म्हणून गेला. जाताना पाया पडला. मी "जा" म्हणालो, पण तोंड फिरवून म्हणालो. ते मला आजही लागतं. त्याचं काय चुकलं होतं?

माझी मुलगी प्रज्ञा लग्नांची शूटिंग करते. नारायणगावात तिचा छोटा स्टुडिओ आहे. लहानपणी तिने क्लॅरनेट मागितलं होतं आणि मी दिलं नव्हतं. "पोरी बँडात नसतात," असं मी तेव्हा म्हणालो, जणू कुणी कायदाच केलाय. तिने कॅमेरा उचलला. पावसाळ्यात लग्नं नसतात, तेव्हा चाफ्याखाली आम्ही उगाच बसलेलो असताना ती आली आणि म्हणाली,

"आबा, तुमचा बँड मोडतोय ना? मोडायच्या आधी मला द्या. मला त्याचा पिक्चर करायचाय. भुताचा."

सगळे हसले. हसला नाही तो फक्त भागुजी. भागुजी आमचा मोठा ढोलवाला. घाटघरचा, नाणेघाटाच्या तोंडाशी वाढलेला, अंगाने रेड्यासारखा. आणि भुताला लई भितो.

"पोरी, भुताची चेष्टा नाय करायची," तो म्हणाला. "आमच्याकडं घाटात म्या सवता आवाज ऐकलाय."

"कसला आवाज, भागुजीकाका?"

"कुनी तरी वाजवत व्हतं. आन मंग येकेक वाजप बंद पडत ग्येलं."

प्रज्ञा त्याच्याकडे बघतच राहिली. "हीच गोष्ट," ती म्हणाली.

तिने रचलेली गोष्ट अशी. एका बँडला लांबच्या गावची सुपारी येते. रस्त्यात हिरवं लुगडं नेसलेली एक बाई भेटते. "या, नवरी वाट बघतीया," म्हणते आणि ताफ्याला उसातून पुढं नेते. बँड वाजवत वाजवत जातो. ऊस संपत नाही. आणि वाजता वाजता एकेक वाद्य गप्प होत जातं. आधी झांज, मग साइड ड्रम, मग ट्रंपेट. मागं वळून बघितलं तर तो माणूसच नाही. शेवटी एकटं क्लॅरनेट उरतं, आणि तेही तुटतं.

सांगून झाल्यावर झांजवाल्याने आपली झांज उचलून मांडीवर घेतली. बँडवाल्याला यापेक्षा भयंकर काय असणार? आम्ही तर तेच जगत होतो.

आता अडचण. भुताचा पिक्चर म्हणजे रात्र, आणि आमच्याकडे रात्री उसात कोण जाणार? बिबट्या. आमच्या भागात लोक दिवस मावळला की कडी लावतात, पहाटे पाणी धरायला जाताना चार जण मिळून जातात. प्रज्ञा म्हणाली, "मग भूत दिवसा दाखवू. भरदुपारी, टळटळीत उन्हात. उसात दुपारी बारा वाजता उभं राहून बघा एकदा. वारा नाही आणि पानं वाजतायत. मला तर रात्रीपेक्षा तेच भयाण वाटतं."

भुताच्या कामासाठी तिने सुमनबाईंना आणलं. सुमनबाई नारायणगावच्या, उभी हयात तमाशाच्या फडात गेलेली, आता थकून घरी बसलेल्या. मी त्यांना विचारलं, "बाई, मेकप काय करायचा?"

"मास्तर, भूत व्हायला मेकप लागत न्हाई," त्या म्हणाल्या. "नुसतं थांबता आलं पायजे. मानूस थांबत न्हाई कधी. कायतरी हलतंच त्याचं. जे अजिबात हलत न्हाई, त्याला मानूस भितो."

आणि त्या थांबून दाखवायला लागल्या. पापणीसुद्धा हलेना. भागुजी उठून चाफ्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला.

ऊस दिला हरिभाऊंनी. गावातले जुने जमीनदार शेतकरी, चार एकर ऊस एका तुकड्यात. त्यांच्या तिन्ही मुलींची लग्नं आम्हीच वाजवलेली. म्हणाले, "करा शूटिंग. पन ऊस मोडायचा नाय. आन कारखान्याची तोड आली की म्या थांबवनार नाय, आदीच सांगतो." तोड म्हणजे तोडणीचा नंबर. चिठ्ठी आली की दुसऱ्या दिवशी कोयत्यांची टोळी रानात. त्या वेळी चिठ्ठीला दोन महिने होते.

पहिले पंधरा दिवस आम्ही नट म्हणून अगदी टाकाऊ होतो. कॅमेरा सुरू झाला की रमेशच्या जागी घेतलेल्या नव्या पोरासकट बारा जण लग्नाला आल्यासारखे हसायचे. झांजवाला तर मेल्यावर सुद्धा एकदा हसला. प्रज्ञा ओरडायची, "काका, तुम्ही गायब झालात! गायब झालेला माणूस दात दाखवतो का?"

पण वाजवण्यात आमचा हात कोण धरणार? भीतीचं संगीत आम्ही आमच्याच वाद्यांतून शोधलं. भागुजीने ओला अंगठा ढोलाच्या कातड्यावरून रेटत नेला, आणि कुणीतरी खोल विहिरीतून कण्हतंय असा आवाज निघाला. तो काढून भागुजी स्वतःच दचकला. ट्रंपेटचं नुसतं तोंड काढून त्यात श्वास सोडला की कानामागं कुणी उभं आहे असं वाटतं. क्लॅरनेटच्या तोंडाची वेताची पत्ती कोरडी ठेवून अर्धवट फुंकलं की बाई हुंदका देतेय. चाळीस वर्षं जे सूर मी "फाटला" म्हणून शिव्या देऊन बंद केले, तेच आता गोळा करत होतो.

निम्मा पिक्चर झाला आणि तोड आली. महिनाभर आधी.

हरिभाऊ स्वतः सांगायला आले. चेहरा पडलेला. "मास्तर, चिठ्ठी आली. आता सोडली तर पुन्हा कवा नंबर लागंल भरवसा नाय." त्यांचं वर्षाचं पीक होतं. मी काय म्हणणार? त्या दिवशी वाटलं, संपलं. प्रज्ञा मात्र संध्याकाळी टोळीच्या मुकादमाकडे गेली. मराठवाड्यातून आलेली टोळी, ओढ्याकाठी पालं टाकलेली. तिने त्यांना पिक्चरची सगळी गोष्ट सांगितली, सुमनबाईंचा फोटो दाखवला.

मुकादम म्हणाला, "ताई, आमी तोडनार. पन कोन्त्या बाजूनं तोडायचं ते तुमी सांगा."

इथे पिक्चर बदलला. प्रज्ञाने ठरवलं की ऊस कमी कमी होताना दाखवायचा. पिक्चरमध्येही टोळी ऊस तोडतेय, तुकडा लहान होतोय, आणि त्यात जे काही लपलंय त्याला लपायला जागा उरत नाहीये. आठ दिवस टोळी तोडत होती आणि आम्ही पुढं पुढं सरकत शूटिंग करत होतो. बायका कोयता थांबवून बघायच्या. त्यांच्यात मंगल म्हणून एक तरुण बाई होती, नवऱ्याबरोबर जोडीने तोडणारी. दीड वर्षाची मुलगी तिची, ओढ्याच्या बाजूला बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपलेली असायची. मंगलला सुमनबाईंचं भारी वेड. "आजी, मला भ्या दाखवा की," म्हणायची.

शेवटच्या दिवशी दहा-बारा गुंठ्यांचा तुकडा उभा राहिला. वेळ दुपारी बाराची. एका बाजूला आम्ही आणि टोळी, समोरच्या बाजूला ओढा, आणि बाजूने तोडून मोकळं झालेलं रान, त्यापलीकडे दुसऱ्याचा उभा ऊस. आम्ही लाल कोट घालून शेवटच्या प्रसंगासाठी तयार. बारा जण वाजवत उसात शिरणार आणि कुणीच बाहेर येणार नाही, असा तो प्रसंग. सुमनबाई ट्रॉलीच्या सावलीत बसलेल्या. प्रज्ञाने कॅमेरा खांद्यावर घेतला.

तेवढ्यात मंगलचा नवरा उसाच्या कोपऱ्यावरून मागं मागं चालत आला. चेहरा पांढरा.  बोट ओढ्याकडे.

आम्ही कोपऱ्यापर्यंत जाऊन वाकून बघितलं. उसाच्या पलीकडच्या कडेला, वाळल्या पाचटात, बिबट्याची मादी बसली होती. अर्धं अंग बाहेर. तोंड ओढ्याकडे. आणि तिच्यापुढे तीस-पस्तीस पावलांवर बाभळ, आणि बाभळीला झोळी.

मंगलने ते बघितलं आणि पळायला झेप घेतली. मुकादमाने तिचा दंड धरला. "पळू नको! पळालीस तर ती झेपंल!" कुणीतरी म्हणालं, आरडाओरडा करू, डबे बडवू. मुकादम म्हणाला, "हिकडून वरडलं की ती तिकडंच सुटंल. झोळीवरनं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. का बघावं? मी क्लॅरनेटवाला. पण मला त्या क्षणी एकच गोष्ट कळत होती. पळायचं नाही, आवाज थांबवायचा नाही, आणि झोळी आणि उसाच्या मध्ये जायचं. हे तर आमचं रोजचं काम. न पळता, न थांबता, ठेक्यात चालत, माणसांना एका जागेवरून दुसऱ्या जागेवर न्यायचं.

"लग्नाची चाल," मी म्हणालो. "सगळ्यात हळू. मंगलबाई, तुम्ही मधे चाला. पाऊल आमच्याबरोबर. काही झालं तरी पळायचं नाही."

 मग भागुजीने ढोल पोटावर नीट केला. तोच भागुजी, जो अंधारात परसाकडला एकटा जात नव्हता. म्हणाला, "मास्तर, म्या म्होरं. माझा आवाज मोटा हाय." आणि त्याने पहिली थाप दिली.

आम्ही निघालो. दोन दोनच्या रांगेत, मधे मंगल. उसाला वळसा घालून ओढ्याच्या बाजूला. उसाची कड आमच्यापासून पंधरा पावलांवर. माझं तोंड इतकं कोरडं की पत्ती ओठाला चिकटत होती. सूर फाटत होता, पण चालू होता. झांजवाला वाजवताना पुटपुटत होता, बहुतेक त्याच्या मुलांची नावं. मागे सुमनबाईंचा आवाज ऐकू आला. बाकीच्या बायकांना त्या खाली बसवत होत्या. "जागची हालू नगा गं बायांनो. माज्याकडं बघा. माज्यागत ऱ्हावा."

आणि मग मला दिसलं की प्रज्ञा आमच्या पुढे आहे. कॅमेरा खांद्यावर, तोंड आमच्याकडे, पाठ बिबट्याकडे, उलटी चालतेय.

चाळीस वर्षांत मी एकदाच वाजवणं थांबवायच्या बेतात आलो होतो, तो तो क्षण. माझी पोर आमच्याही पुढं. हाक मारावी तर क्लॅरनेट तोंडातून काढावं लागेल. नाही काढलं.

वळण घेतलं तेव्हा मादीने आमच्याकडे मान वळवली. डोळे पिवळे, शांत. एवढा आवाज, एवढा लाल रंग, तिलाही काय समजलं असेल कोण जाणे. भागुजीची थाप एका मात्रेनेही चुकली नाही. मादी उठली, मागं सरकली आणि उसात दिसेनाशी झाली. आम्ही ऊस आणि झोळी यांच्या मधे आडवी रांग धरली, तोंडं उसाकडे. मंगल आमच्या पाठीमागून गेली, झोळीतून मुलगी उचलली, आणि तिथंच खाली बसली. मुलगी जागी होऊन बँडकडे बघत होती.

मी क्लॅरनेट वर उचललं. म्हणजे गाणं बदला, जोरात. बारा जणांनी जे काही अंगात होतं ते फुंकलं. थोड्या वेळाने पलीकडून मुकादमाची आरोळी आली, "ग्येली! ग्येली! मोकळ्या रानातनं पल्याडच्या उसात ग्येली!"

तेव्हा कुठे थांबलो. भागुजी ढोलासकट मातीत बसला आणि लहान मुलासारखा रडला. कुणी हसलं नाही.

वनखात्याची माणसं आली. उरलेल्या उसात दोन पिल्लं सापडली, मांजराएवढी. म्हणूनच ती एवढ्या गडबडीतही तिथून हलली नव्हती. त्यांनी पिल्लं तिथंच एका क्रेटमध्ये ठेवायला सांगितलं, सगळ्यांना लांब केलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेट रिकामा होता. आई येऊन घेऊन गेली होती. मंगलने हे ऐकलं आणि म्हणाली, "तिचंबी लेकरूच व्हतं की."

प्रज्ञावर मी त्या दिवशी फार ओरडलो. "मी बिबट्यापुढं आणि तू शूटिंग करत होतीस?"

ती शांतपणे म्हणाली, "आबा, वरातीत मी नेहमी तुमच्यापुढं उलटीच चालते. बँड चालला, मी चालले. थांबले असते तर तुमच्या पायात आले असते."

 पोरीला बँडात घेतलं नव्हतं, तरी ती कधीपासून बँडातच होती.

ऊस तुटला. शेवटचा प्रसंग राहिला तो राहिलाच. पिक्चरला शेवट नाही. चार दिवसांनी प्रज्ञाने आम्हाला स्टुडिओत बोलावलं आणि त्या दुपारचं चित्रण दाखवलं. त्यात बिबट्या कुठंही नाही. फक्त आमचे चेहरे. बारा माणसं, घामाने निथळणारी, डोळे कशावर तरी खिळलेले, ओठ वाद्यांवर, आणि पाऊल एकसारखं. मधे एक आई. मी स्वतःला ओळखलं नाही.

"हाच शेवट," ती म्हणाली. "बँड मरत नाही. उसातून बाहेर येतो."

मी आधी नको म्हणालो. ती आमची खरी भीती होती, आणि मंगलची तर त्याहून खरी. तिला न विचारता दाखवणं बरोबर नव्हतं. टोळी तोवर पारगावच्या बाजूला गेली होती. प्रज्ञा आणि मी मोटरसायकलवर तिथं गेलो. मंगलने मोबाईलवर सगळं बघितलं, दोनदा बघितलं.

"दावा की," ती म्हणाली. "माज्या लेकीला कुनी वाचवलं ते दिसू द्या लोकास्नी."

आता शेवटची अडचण, आवाजाची. स्वस्तातल्या माइकवर पितळी वाद्यं भांडी पडल्यासारखी वाजत होती. तेव्हा ठरलं की पिक्चरमध्ये फक्त बोलणं ठेवायचं आणि संगीत आम्ही जिथं पिक्चर लागेल तिथं समोर वाजवायचं. गरजेपोटी काढलेली ही तोड आमचं नशीब ठरली. हा पिक्चर मोबाईलवर पाठवून उपयोग नाही. बघायचा असेल तर बँड बोलवावा लागतो!

पहिला खेळ आळेफाट्याजवळच्या एका मंगल कार्यालयात, दुपारी. खिडक्यांना काळे पडदे. पिक्चरचं नाव "उसातली वरात". या कार्यालयाच्या दारात मी किती वेळा वाजवलंय याची मोजदाद नाही, पण आत खुर्च्यांपर्यंत आमचं कधी काम पडलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही हॉलच्या चार कोपऱ्यांत अंधारात उभे होतो. खुर्च्या भरल्या, लोक भिंतीला टेकून उभे राहिले. हरिभाऊ सगळ्या घरच्यांना घेऊन आलेले. मागच्या दारात रमेशही दिसला, डीजेचा ट्रक रस्त्यावर लावून आलेला. त्याचं जुनं ट्रंपेट मी पेटीत ठेवलं होतं. मी ते त्याच्या हातात दिलं.  त्याने ट्रंपेटचं तोंड पुसलं आणि कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

सुमनबाई पडद्यावर उसात उभ्या दिसल्या आणि पोरं आयांच्या कुशीत शिरली. भागुजीने अंगठा फिरवला. पहिल्या रांगेतल्या एका फौजदारासारख्या मिशीवाल्या पाहुण्याने शेजारच्याचा हात धरला, ते मी डोळ्यांनी बघितलं. एकेक वाद्य गप्प होत गेलं, पडद्यावरही आणि हॉलमध्येही, एकेका कोपऱ्यातून. शेवटी माझं क्लॅरनेट. मी श्वास तोडला. काळोख, आणि चारशे माणसांत एक खोकलाही नाही.

मग पडद्यावर चेहरे आले, आणि अंधारात मागच्या दाराशी जमलेले आम्ही, मधल्या वाटेने, त्याच चालीत, वाजवत पुढं निघालो. लोक उठून उभे राहिले. कुणीतरी शिट्टी मारली, मग टाळ्यांनी हॉल दणाणला. दिवे लागले तेव्हा हरिभाऊ खुर्चीवर चढून ओरडत होते, "ऊस माझा हाय! त्यो ऊस माझा हाय!" लोक एकच प्रश्न विचारत होते, "मास्तर, असं घाबरायचं काम तुमच्या मानसांनी केलं तरी कसं?" आम्ही म्हणायचो, "तालीम."

त्यानंतर जत्रा, शाळा, वाढदिवस, एका पतसंस्थेची सभा. गेल्या लग्नसराईपेक्षा जास्त सुपाऱ्या भुताने दिल्या. लग्नंही परत आली. पोरं म्हणतात, "पिक्चरवाला बँड पायजे." रमेश आठवड्यातले चार दिवस ट्रक चालवतो आणि तीन दिवस ट्रंपेट वाजवतो. बाजारात सुमनबाईंना बघून लहान मुलं पळतात. त्या मग मुद्दाम थांबून उभ्या राहतात.

मला सगळ्यात आवडला तो घाटघरचा खेळ. डोंगरातलं गाव, शाळेची एक खोली, खिडक्यांवर लोकांनी आपापली घोंगडी टांगलेली, तरी फटींतून ऊन येत होतं. भागुजीची बायको पहिल्या बाकावर बसली होती. तीस वर्षं नवरा दुसऱ्यांच्या लग्नात वाजवायला जायचा आणि पहाटे घरी यायचा. तिने त्याला कधी वाजवताना बघितलंच नव्हतं. आम्हा कुणाच्याच हे कधी लक्षात आलं नव्हतं.

खेळ संपला. टाळ्या झाल्या, लोकांनी भागुजीला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही, वजनामुळे. ती जागची उठली नाही. गर्दी थोडी सरल्यावर म्हणाली,

"आवं, म्या इचारायचे, तुमी तितं जाऊन करता काय? तर तुमी म्हनायचा, ढोल बडवतो."

भागुजी मान खाली घालून उभा. "मंग? ढोलच की."

"बडवत न्हाई तुमी," ती म्हणाली. "पुन्यांदा वाजवा. यांचं नगं. तुमचंच."

भागुजीने माझ्याकडे बघितलं. मी क्लॅरनेट खाली ठेवलं, आणि बाकीच्यांनीही आपापली वाद्यं खाली ठेवली. एका पोऱ्याने खिडकीवरचं घोंगडं काढलं, खोलीत ऊन आलं, आणि भागुजीने ढोल पोटावर घेऊन पहिली थाप दिली.